गाडीचा डेक बोटीत बसवायचा तर

आधी काळी वायर. डेक, स्पीकर, गाणी सगळं मागाहून. गाडीत वायरमन डेकची काळी वायर कुठंतरी पत्र्याला आवळतो आणि मोकळा होतो, कारण गाडीची अख्खी बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. देवबाग-तारकर्लीला पर्यटक फिरवणाऱ्या बोटी फायबरच्या. फायबरला बॉडी अर्थ नाही म्हणजे नाही. प्रत्येक वस्तूची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत न्यायची, लाल वायरइतकीच जाड. डेक बॅटरीपासून दहा फुटांवर असेल तर वायर वीस फूट धरायची. गेल्या मोसमात नेमकी हीच राहिली आणि ऐनवेळी इंजिनाच्या ब्रॅकेटवर आवळून टाकली. गाणी वाजली, का नाही वाजणार! पण त्या बोल्टवर खारं पाणी उडतं, लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी पूड धरते, सांधा ढिला पडतो, आणि इंजिनाचा वेग वाढेल तशी स्पीकरमधून कुंऽई चढत जाते. एवढ्यावर भागलं तर नशीब. करंट पाण्यातल्या धातूवाटे वाट काढू लागला की आधी इंजिनाला लावलेला जस्ताचा तुकडा झिजतो, मग बोट ढकलणाऱ्या पंख्याची पाळी.

वायर घेताना नखानं नाही, ब्लेडनं खरवडून बघा. वरून तांब्याची आणि आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर, दुकानात परत ठेवा. खाऱ्या हवेत तिचा भुगा होतो. वरून पांढरी आणि आत तांबं, म्हणजे कल्हई केलेली, ती हवी. नुसत्या डेकला 4 चौरस मिलिमीटर पुरे, अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या फ्यूजप्रमाणे जाड. नुसत्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला सांधा बोटीत चालत नाही. लग क्रिंप करा, म्हणजे वायरवर दाबून बसवा, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. डेकमागचा फ्यूज डेकपुरता असतो, मधली वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर तो काही करत नाही, आणि फायबर जळायला लागलं की विझवणं अवघड.

पेट्रोलच्या टाकीशेजारी अ‍ॅम्प्लिफायर, रिले, बटण काहीही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी बसते. एक ठिणगी पुरते. यावर चर्चा नको.

आता बॅटरी. डेकसाठी वेगळी बॅटरी ठेवा; इंजिन चालू करायची बॅटरी गाण्यांवर उडवली तर ओहोटीला खाडीच्या मुखाशी वल्हं मारत बसावं लागेल. लहान आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचं) चार्जिंग जेमतेम सहा-दहा अ‍ॅम्पियर, तेही वेगात असताना. दोरी ओढून चालू होणाऱ्या काही इंजिनांत चार्जिंगच नसतं. म्हणून खोक्यावरच्या '2000 वॅट'वर जाऊ नका, अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज बघा. फ्यूज 20 अ‍ॅम्पियरचा असेल तर 12 व्होल्टवर तो 240 वॅटहून जास्त खेचूच शकत नाही, स्पीकरला त्यातलंही कमीच मिळतं. उघड्यावर आवाज विरतो हे खरं, पण डॉल्फिन दाखवायला नेलेल्या माणसांना एवढा धुमाकूळ कशाला हवा असतो ते मला आजवर कळलेलं नाही. डेकची पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण ठेवण्यासाठी सतत करंट पिते. बोट आठवडाभर बांधून राहणार असेल तर तिच्यावरही बटण टाका. दोन बॅटऱ्या झाल्या तर दोघींच्या निगेटिव्ह एकत्र जोडायच्या, आणि डेकची काळी वायर तिथंच येऊ द्यायची. ब्रॅकेटवर नाही.

मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. त्यातल्या एकीवरून 12 घेऊ नका, दोघी असमान चार्ज होऊन एक लवकर मरते. 24 ते 12 चा कन्व्हर्टर घ्या.

स्पीकर कागदी कोनचे असतील तर ते गाडीतच राहू द्या. कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कडा रबराची. फोमची कडा उन्हात तुकडे तुकडे होऊन पडते. खोक्यावर आयपी 67 (धूळ-पाणी आत जात नाही याचा शिक्का) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्याची, मिठाबद्दल ती काही सांगत नाही. भोक पाडताना फायबरच्या आत प्लायवूड दिसलं तर त्याची कापलेली कड रेझिननं बंद करा, नाहीतर एका पावसाळ्यात प्लाय कुजतो आणि स्पीकर हातात येतो. स्क्रू 316 स्टेनलेसचे. वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथून ठिबकून जातं. होकायंत्र असेल तर स्पीकर किमान हातभर लांब, लोहचुंबक आहे तो. मोठा स्पीकर असेल तर त्याहून लांब.

डेक झाकणाच्या आत, सावलीत. अ‍ॅम्पला मात्र हवा हवी, त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि पाण्याआधी तोच घात करतो.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू करून, व्हीएचएफ (बोटीचा बिनतारी संच) चॅनेल 16 वर, म्हणजे मदत मागायच्या चॅनेलवर, ठेवून, आवाज वाढवून बघा. खरखर किंवा कुंई आली? काळी वायर बघा. नाही आली? तरी काळी वायर बघा, दोन्ही टोकं हातानं ओढून. टर्मिनलला व्हॅसलीन.

रात्री 10 नंतर स्पीकर बंद, तो नियम पाण्यावरही आहेच. सुटे फ्यूज, टेस्टर, पक्कड बोटीतच. मे संपता संपता डेक आणि अ‍ॅम्प उतरवून घरी. स्पीकर राहू दे, वर टेप मारून.