पपईचं रोप: सावली किती, ऊन किती

आमचं शेत शहादा तालुक्यात. पपईच्या तैवान ७८६ या वाणाचं बी महाग, त्यामुळे एकेका रोपाला जीव लावावा लागतो. पहिल्या वर्षी शेडनेटमधली कोवळी, लांबुडकी रोपं मी मार्चमध्ये थेट वावरात नेली. तिसऱ्या दिवशी पानं कागदासारखी पांढरी पडली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीतून उचलून खळ्यावर बसवलं का गं?"

तेव्हापासून बी रात्रभर भिजवते, ट्रेमध्ये कोकोपीट भरून टोकते. डिसेंबरच्या थंडीत उगवण रेंगाळते, म्हणून कोंब दिसेपर्यंत ट्रे एकावर एक रचून वरून पन्नी झाकायची. कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे मोकळे करा, नाहीतर दोरे सुटल्यासारखी रोपं होतात. पाणी सकाळीच. संध्याकाळी दिलं की रात्रभर ओल राहते आणि रोप बुडाशी सडून आडवं होतं.

खरी गंमत शेवटच्या दहा-बारा दिवसांत आहे. ट्रे नेटबाहेर काढायचे, आधी फक्त सकाळचं ऊन, नऊ वाजता परत आत. दोन-दोन दिवसांनी वेळ वाढवत न्यायची, पाणी थोडं तोडायचं. खोड जरा जांभळट, टणक झालं आणि रोप वीतभर असलं की लावणीला तयार. उंच रोपाला भुलू नका.

वावरात दुपारनंतरचं, मावळतीकडचं ऊन जास्त मारतं. म्हणून माझ्या ओळी दक्षिणोत्तर, आणि लावणीच्या तीन आठवडे आधी प्रत्येक ओळीच्या पश्चिमेला ताग पेरलेला. सकाळचं ऊन रोपाला मिळतं, दुपारी ताग आडवा येतो. तो फुलावर येतो, जून होतो, तरी मे संपेपर्यंत कापत नाही. फुलावर येताच जमिनीत गाडतात तो खताचा ताग, हा सावलीसाठी.

ताग उशिरा उगवला तर बांबूच्या कामट्यांवर पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे पातळ कापडासारखं आच्छादन. त्याने मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीडही लांब राहते, आणि पपईचा रिंगस्पॉट व्हायरस माव्यामुळे पसरतो. मल्चिंग पेपर, म्हणजे जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक, असेल तर भोक चांगलं मोठं पाडा. तापलेली कड खोडाला टेकली की साल भाजते. वरून सावली असून रोप का मान टाकतंय ते कळतच नाही.

पहिला पाऊस झाला की ताग कापून बुडाशी अंथरते. मग पपईला सावली नको. सावलीत झाड नुसतं उंच होतं, फळ धरत नाही.