परगावाहून आलेल्या कलाशिक्षकाचे चरित्र कसे लिहावे

नेरूळ, वाशी, सानपाडा या भागांत असा एखादा निवृत्त शिक्षक हमखास भेटतो, जो दिवसा शाळेत गणित शिकवत असे आणि संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात आपल्या मुलखातली कला मुलांना शिकवत असे. मंडळाची स्मरणिका निघायची ठरली की अशा शिक्षकावर लेख लिहिण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते, आणि जन्म, शिक्षण, नोकरी, सत्कार या चार खुंट्यांवर टांगलेले एक पान तयार होते. त्या पानावरचे नाव बदलले तरी काही बिघडत नाही, हाच त्याचा मोठा दोष होय. अशी दोन पाने मी स्वतः लिहिली आहेत. तिसऱ्या वेळी पद्धत बदलली, ती येथे सांगतो.

लिहिण्यापूर्वी एखादे दूरचे आयुष्य नीट पाहून घ्यावे, म्हणजे जवळच्या माणसाला काय विचारायचे ते सुचते. मी दानोंगान कालान्दुयान यांचे आयुष्य समोर ठेवले होते. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावर, मागिंदानाओ या मुस्लिम समाजात १९४७ मध्ये जन्मलेले हे वादक १९७६ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवण्यासाठी गेले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहिले, १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. स्मरणिकेतला लेख येथेच आटोपतो. वास्तविक खरे प्रश्न यापुढे सुरू होतात. त्यांचे वाद्य कुलिन्तांग, म्हणजे लाकडी चौकटीवर ओळीने मांडलेले, मध्यभागी उंचवटा असलेले आठ लहान गाँग (थाळीसारखी धातूची वाद्ये). सोबतीला टांगलेले मोठे गाँग आणि दाबाकान हा ढोल. गावाकडे ही विद्या कानावर पडून आणि थोरांचे हात पाहून येते; परदेशात मात्र आठवड्यातून एकदा येणाऱ्या विद्यार्थ्याला ती तासाच्या हिशेबाने द्यावी लागते. शिवाय अमेरिकेतील बहुतेक फिलिपिनो कुटुंबे ख्रिस्ती आणि उत्तरेकडील वा मधल्या बेटांवरची. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांना दक्षिणेतले हे वादन परकेच होते. तेव्हा ‘आपल्या समाजाची कला जपली’ हे नेहमीचे वाक्य अशा शिक्षकाबद्दल लिहिताना हात अडखळला पाहिजे. कोणता समाज? गावाकडे असलेला, की परक्या शहरात एकत्र शिकताना घडलेला?

आयुष्याच्या तारखांशेजारी कायद्यांच्या आणि रस्त्यांच्या तारखाही मांडाव्यात. १९३४ च्या कायद्याने अमेरिकेत वर्षाला फक्त ५० फिलिपिनो स्थलांतरितांना प्रवेश ठेवला होता. १९६५ च्या कायद्याने जुनी देशनिहाय कोटापद्धत मोडली आणि मग शिकलेल्या लोकांची वाट मोकळी झाली. आपल्याकडे सिडकोची स्थापना १९७० ची आणि वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये. त्याआधी खाडीपलीकडून शिकायला किंवा शिकवायला येणाऱ्यांचे किती तास बसमध्ये जात, हे विचारले तर एखाद्या वर्गाला सुरुवातीला चारच विद्यार्थी का होते, याचा उलगडा होतो.

आता मुलाखतीकडे वळतो. नेरूळमधील चेंडा हे केरळचे ढोलासारखे वाद्य शिकवणाऱ्या एका आशानांना, म्हणजे केरळच्या भाषेत गुरुजींना, मी पहिल्याच दिवशी ‘आपण मुंबईला का आलात?’ असे विचारले. ‘नोकरी मिळाली म्हणून,’ एवढेच उत्तर आले आणि चहा झाला. दुसऱ्या भेटीत मी ‘नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय करायला सांगता?’ असे विचारताच ते उठून आतून चिंचेच्या लाकडाच्या दोन काठ्या आणि एक दगड घेऊन आले. नवशिका चेंड्याला हात लावत नाही. आधी दगडावर सराव करतो. तो दगड कोठून आणला, चौथ्या मजल्यावर त्याचा आवाज खाली जाऊ नये म्हणून काय अंथरले, शेजाऱ्यांनी सोसायटीच्या सभेत कोणती तक्रार मांडली, आणि ज्यांनी ती मांडली त्यांचाच नातू पुढे वर्गात कसा आला, हे सगळे त्या दगडामागून आपोआप निघाले. म्हणून पहिला प्रश्न कामाचा विचारावा आणि शक्यतो वस्तू हातात असताना विचारावा. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावेत.

एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त वेळ घेऊ नये. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी लेखी घ्यावी, मोबाइल विमान मोडवर ठेवावा आणि पंखा बंद करावा; मे महिन्यात हे जड जाते, पण पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. त्यांच्या भाषेतले शब्द त्यांच्याकडूनच वदवून घेऊन देवनागरीत कसे लिहायचे, हे तेथेच ठरवावे. घरातील माणसांशी वेगळे बोलावे. वर्गाची फी कोण गोळा करीत असे, कार्यक्रमाच्या रात्री पन्नास माणसांचा स्वयंपाक कोणी केला, हे गुरुजींना बहुधा आठवत नाही आणि त्यांच्या पत्नीला तारखेसकट आठवते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, मंडळाचे वार्षिक अहवाल आणि छायाचित्रांच्या मागची अक्षरे पाहावीत. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर अर्ज करून तिची घटना व विश्वस्तांची नावे पाहता येतात. सांगितलेले वर्ष आणि कागदावरचे वर्ष जुळले नाही, तर दोन्ही लिहावीत. म्हाताऱ्या माणसाला खोटे पाडण्याची काही गरज नसते. बहुतेक वेळा वर्ग आधी सुरू झालेला असतो आणि नोंदणी मागाहून झालेली असते.

लिहिताना सुरुवात जन्मापासून करू नये. एखाद्या शिकवणीच्या संध्याकाळपासून करावी आणि गाव, प्रवास, नोकरी ही माहिती तिच्या ओघात जेथे लागेल तेथेच द्यावी. सत्कारांची यादी शेवटी चौकटीत टाकावी. भांडणे मात्र गाळू नयेत: आयोजकांना स्टेजवर दहा मिनिटांत आटोपणारे वादन हवे असते आणि गुरुजींना क्रम पूर्ण करायचा असतो, ही ओढाताण जवळजवळ प्रत्येक कलाशिक्षकाच्या वाट्याला येते आणि त्याचा स्वभाव तेथेच दिसतो.

मसुदा छापण्यापूर्वी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. वाचून दाखवताना माणूस मध्येच थांबवतो. नुसता कागद हाती दिला तर ‘छान आहे’ म्हणून परत करतो. आशानांनी मला सहा ठिकाणी थांबवले, त्यांपैकी चार दुरुस्त्या एकट्या दगडाच्या परिच्छेदात होत्या. छापील प्रत कुटुंबाला, मंडळाच्या कपाटाला आणि जवळच्या ग्रंथालयाला द्यावी. मूळ ध्वनिफिती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून प्रत्येकीच्या नावात दिनांक, स्थळ आणि बोलणाऱ्याचे नाव घालावे.