विषारी सापांचे छायाचित्रण : आधी अंतर, मग कॅमेरा

मृगाच्या सरी पडून गेल्या की मराठवाड्याच्या शिवारात, बांधावरच्या दगडांच्या राशीत, विहिरीच्या कडेला आणि कडब्याच्या गंजीखाली साप दिसू लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आढळतात. त्यांची छायाचित्रे सुरक्षितपणे काढता येतात, मात्र त्यासाठी सापापासून किती लांब राहायचे हे आधी ठरवून मग त्या अंतराला साजेशी लेन्स निवडावी लागते. बहुतेकजण नेमके उलट करतात.

घरून निघताना घोट्याच्या वर जाणारे जाड बूट, जाड व सैल पँट, चांगल्या उजेडाची बॅटरी आणि एक साथीदार एवढे सोबत असायलाच हवे. गौताळा किंवा येडशीसारख्या अभयारण्यात जायचे असेल तर वनविभागाची परवानगी घ्यावी आणि सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी आधीच करून ठेवावी. दगड उलटवून, बिळात काठी घालून साप शोधू नये. फुरसे दिवसा बहुधा अशाच दगडाखाली असते आणि दीड-एक फुटांचे ते जनावर मातीच्या रंगात इतके मिसळून गेलेले असते की हात लागेपर्यंत दिसत नाही.

साप दिसला की जागच्या जागी थांबावे. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो, परंतु वेटोळ्यात बसलेल्या सापाच्या लांबीचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून साप कोणताही असो, अडीच-तीन मीटरच्या आत जाऊ नये. या अंतरावरून ३०० मिमीची किंवा १००–४०० मिमीची लेन्स उत्तम काम देते. १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपण्याची लेन्स) पूर्ण आकाराच्या चित्रासाठी विषयापासून जेमतेम वीतभर अंतरावर न्यावी लागते, त्यामुळे ती फुलपाखरांसाठीच राखून ठेवावी. मोबाइलवाल्यांनी लांबूनच फोटो काढून नंतर तो कापून मोठा करावा. चित्र थोडे भरड येईल, येऊ द्यावे.

कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहताना अंतराचे भान सुटते आणि साप सरकत जवळ आल्याचे कळत नाही, म्हणून साथीदाराने कॅमेऱ्याकडे न बघता केवळ सापाकडे बघावे आणि तो ‘मागे’ म्हणाला की कारण न विचारता मागे व्हावे. सापाच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र हवे असल्यास जमिनीवर पालथे पडू नये, कारण पालथ्या माणसाला झटकन उठता येत नाही. कॅमेरा वाळूच्या पिशवीवर ठेवून फिरत्या पडद्यावर पाहावे. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ च्या आसपास ठेवल्यास डोके आणि वेटोळे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, तर लवलवणारी जीभ टिपायला शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या घरात लागतो. फोकस नेहमी डोळ्यावर असावा.

सापाचा इशारा ओळखणे मात्र या सगळ्याहून महत्त्वाचे आहे. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते आणि फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. फणा काढलेल्या नागाचे चित्र सर्वांनाच हवे असते, पण तो फणा म्हणजे आपण फार जवळ आलो याची खूण आहे. अशा वेळी दोन पावले मागे सरावे. मुद्दाम डिवचून फणा काढायला लावणे किंवा फोटोसाठी साप पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंगही ठरतो. मण्यार रात्री फिरते आणि निरुपद्रवी कवड्या सापासारखी दिसते, म्हणून रात्री दिसलेला प्रत्येक काळा पट्टेरी साप मण्यारच समजावा.

एवढे करूनही पान लागलेच, तर दंशाच्या जागी कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. अंगठी व घड्याळ काढून, तो अवयव न हलवता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. मण्यारीच्या दंशाने फारशी वेदना किंवा सूज येत नाही, त्यामुळे काही होत नाही म्हणून घरी थांबू नये. साप कोणता हे दाखवण्यासाठी त्याच्यामागे धावण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडे मिळणारे बहुगुणी प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते.