व्हीएस कोड का व्हिम? दोन्ही ठेवा की

ह्या विषयावर टिळकवाडीत चहा पिता पिता तासभर भांडणारी पोरं आहेत आणि दोघांचंही काम तिकडं तसंच पडलेलं. माझं सरळ आहे, एक मोठा एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), एक छोटा, आणि दोघांनी एकमेकांच्या फायली बिघडवू नयेत एवढी सोय.

मोठा म्हणजे व्हीएस कोड, रोजचं लिहिणं, डीबगर (चुका शोधायचं साधन), गिट (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं) सगळं त्यातच. ऑटो सेव्ह चालू करा, एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या सोयी) मात्र सापडेल ते टाकत सुटू नका, जुना लॅपटॉप घरघरायला लागतो.

छोटा म्हणजे व्हिम, कारण सर्व्हरवर गेलं की बहुतेक तोच नाहीतर नॅनो हा दुसरा छोटा एडिटर मिळतो. लिहायला आय, मग एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर, सेव्ह होऊन बाहेर. घोळ झाला तर डब्ल्यू क्यू ऐवजी क्यू आणि उद्गारचिन्ह, सेव्ह न करता बाहेर. एवढ्यावर माझं पहिलं वर्ष निघालं. पावसात खानापूरला लाईट गेली तरी मी निवांत असतो, कारण २०० अक्षरं टाईप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की व्हिम स्वॅप फाईलमध्ये, म्हणजे बाजूच्या तात्पुरत्या फाईलमध्ये, लिहून ठेवतो. लाईट आली की तीच फाईल उघडा, आर दाबून रिकव्हर करा, सेव्ह करा आणि जुनी स्वॅप फाईल उडवा, नाहीतर दर वेळी तोच प्रश्न विचारत बसतो.

आपल्या बेळगाव-निपाणीकडची खरी डोकेदुखी वेगळीच. दुकानाचं बिलिंग करायला घेतलं की लेबलं कन्नडमध्ये पण पाहिजेत आणि मराठीत पण. टर्मिनलमध्ये, म्हणजे व्हिम चालतो त्या कमांडच्या खिडकीत, जोडाक्षरं बऱ्याचदा फुटतात, त्यामुळं भाषेच्या फायली व्हीएस कोडमध्येच उघडा आणि खाली उजवीकडं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे का बघा. जुन्या नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेलं कन्नड आलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि ते एन्कोडिंग बदलून सुधारत नाही, कारण आत खरंच तीच अक्षरं असतात, कन्नड फक्त फॉन्टमध्ये असतं. कन्व्हर्टरनं युनिकोड (सगळ्या भाषांची अक्षरं धरणारी पद्धत) करूनच घ्या. मी एक आख्खी दुपार एन्कोडिंगची लिस्ट एकेक करून बघण्यात घालवलीय, आई दोनदा येऊन “काय करालास रे अजून, जेवायचं नाही?” म्हणून गेली.

आता दोघांची जोडी. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (कमांडची फाईल) लिनक्स सर्व्हरवर बऱ्याचदा चालतच नाही, ओळीच्या शेवटी विंडोजची ओळ संपवायची खूण सीआरएलएफ असते म्हणून, लिनक्सला नुसतं एलएफ लागतं. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीत सीआरएलएफवर क्लिक करून एलएफ करता येतं, पण प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिगची फाईल ठेवलेली बरी, टॅब का स्पेस, एलएफ, यूटीएफ-८ सगळं एकदाच लिहायचं. व्हीएस कोडला त्याचं एक्स्टेन्शन लागतं हे विसरू नका.

आणि गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायच्या कमिट मेसेजला व्हीएस कोड लावणार असाल तर गिटच्या सेटिंगमध्ये एडिटर म्हणून code --wait लिहा, म्हणजे कोड नंतर दोन डॅश देऊन वेट. ते राहिलं की गिट थांबतच नाही, तुम्ही मेसेज लिहीपर्यंत तिकडं रिकाम्या मेसेजचं कारण देऊन कमिट रद्द झालेलं असतं.