वादळानंतर लाइट गेलीय? ‘येईल आत्ता’ म्हणत या चुका करू नका

वादळ सरलं की पहिल्या तासाभरात घराघरातून एकच वाक्य ऐकू येतं: ‘येईल आत्ता.’ या दोन शब्दांनी जेवढं नुकसान होतं, तेवढं अंधाराने होत नाही. एरवी लाइट जाते तेव्हा कुठेतरी फ्यूज उडालेला असतो, लाइनमन येतो, काम संपतं. वादळात खांबच आडवे झालेले असतात. दुरुस्तीही वरून खाली येते: आधी उपकेंद्र, मग मोठ्या वाहिन्या, मग डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर), आणि सगळ्यात शेवटी तुमच्या घरात येणारी सर्व्हिस वायर. समोरच्या इमारतीत दिवे लागले आणि आपल्याकडे नाही, यात पक्षपात नसतो. त्यांचा फेज (वीज आणणारी तार) वेगळा असतो, नाहीतर डीपी वेगळी.

म्हणून माझा साधा नियम आहे. दोन तासांत आली नाही, तर तीन दिवस येणार नाही असं धरून चालायचं. लवकर आली तर कुणाची तक्रार नाही.

तक्रार शेजाऱ्यांनी केली असेल, हे समजणं

पहिल्यांदा बघा, लाइट सगळ्यांची गेलीय की फक्त आपली. फक्त आपली असेल तर बोर्डात मेन किंवा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइट तोडणारा स्विच) पडलेला असू शकतो. पाऊस भिंतीत मुरला की हे हमखास होतं. सगळे एमसीबी (एकेका लाइनीचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्या एमसीबीला आरसीसीबी पुन्हा पडेल, ओल त्या लाइनीत आहे. ती एक लाइन बंद ठेवून बाकीचं घर चालवता येतं. मात्र बोर्ड किंवा मीटरची पेटीच ओली दिसत असेल तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत अंधारात बसा.

बिघाड बाहेरचा असेल तर तक्रार स्वतः नोंदवा. मोठी वाहिनी चालू झाली की बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं. तुमच्या एकट्याची वायर तुटलीय हे तुम्ही सांगितल्याशिवाय बहुतेक वेळा कुणाला कळत नाही. आणि रस्त्यावर पडलेली तार ‘मेलेली’ आहे असं कधीच धरू नका. किमान १० मीटर लांब राहा, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा, ओल्या जमिनीवर आणखी लांब.

इन्व्हर्टर पहिल्याच संध्याकाळी उडवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. वादळ संपलं त्या संध्याकाळी दोन पंखे, चार दिवे आणि बातम्या बघायच्या म्हणून टीव्ही. रात्री दहाच्या सुमारास इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि मग पुढचे दोन दिवस घरात फक्त एक टॉर्च होता.

हिशेब आधीच करायला हवा होता. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या फार खाली नेऊ नये, वर रूपांतरातही काही वाया जातं. हातात उरतात जेमतेम ८०० ते ९००. छताचा जुना पंखा ७५ वॉट खातो, टीव्ही १०० च्या आसपास, एलईडी दिवा ९. माझ्या त्या संध्याकाळचा भार २८६ वॉट होता, म्हणजे तीन तासांचा खेळ. त्याच बॅटरीवर ३० वॉटचा एक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आणि एकच दिवा लावला, तर पंधरा-सोळा तास निघतात. इन्व्हर्टर स्वतःही १०-२० वॉट खात राहतो, त्यामुळे काही चालवायचं नसेल तेव्हा त्याचं पुढचं बटणच बंद करा. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणजे एका संध्याकाळच्या टीव्हीची किंमत पुढे वर्षभर मोजत राहायची.

छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांसाठी एक वाईट बातमी. बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. लखलखीत ऊन, आणि घरात अंधार.

मोबाइलचंही असंच. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० चा फोन दोनदा भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात दीड वेळा भरतो, बाकीचं व्होल्टेज बदलण्यात जातं. टॉवरच्या बॅटऱ्या संपत आल्या की रेंज जाते आणि फोन रेंज शोधण्यातच स्वतःला संपवतो. विमान मोड लावा, ठरावीक वेळी दहा मिनिटं चालू करा, कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस टाका. एसएमएस बऱ्याचदा जातो.

फ्रिज उघडून ‘बघणं’

दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण ४ तास गार राहतो. ठासून भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. दर तासाला कुणीतरी ‘दूध बघतो’ म्हणून दार उघडलं की हे सगळे आकडे विसरायचे. नासणारे पदार्थ ४ अंशांच्या वर २ तासांहून जास्त राहिले असतील तर टाकून द्या. चव घेऊन ठरवणं ही त्यातली सगळ्यात मोठी चूक, कारण आजारी पाडणाऱ्या जंतूंना नेहमी वास किंवा चव असतेच असं नाही.

एक युक्ती वादळाच्या आधीच करून ठेवा. वाटीभर पाण्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करा आणि त्यावर एक नाणं ठेवा. पुढे काय ते शेवटी सांगतो.

इन्सुलिनच्या बाबतीत लोक घाबरून उलटं करतात आणि ते थेट बर्फावर ठेवतात. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतात. तुमच्या पाकिटावरची मुदत मात्र वाचा. खोली तापत असेल तर मातीच्या भांड्यात ठेवून भोवती ओला फडका गुंडाळा. घरात कुणी ऑक्सिजन मशीनवर असेल तर ‘बघू’ नको. भरलेला सिलिंडर आधीच आणून ठेवा आणि तो किती तास पुरतो ते विचारून घ्या.

जनरेटर आत आणणं

बाकीच्या चुकांनी पैसे जातात, हिने माणसं जातात. पाऊस आहे, चोरी होईल, आवाजाचा त्रास होतो, अशा कारणांनी जनरेटर जिन्याखाली, बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये येतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस ‘दमलो’ म्हणून आडवा होतो तो उठत नाही. खिडकी उघडी ठेवली तरी भागत नाही. जनरेटर घराबाहेर किमान ६ मीटर लांब हवा, धूर दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा बंद गॅरेजात मोबाइल चार्जिंगसाठी चालू ठेवलेली गाडी, हाही तोच वायू. घरातल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर गोळी शोधू नका, सगळ्यांना आधी बाहेर काढा.

दुसरं, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडणारे महाभाग असतात. ती वीज उलटी डीपीत जाते, तिथे हजारो व्होल्टची होते आणि ‘लाइन बंद आहे’ समजून खांबावर चढलेल्या माणसाला लागते. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे घर एका वेळी बाहेरच्या लाइनीला किंवा जनरेटरला, एकालाच जोडलेलं राहतं. तो नसेल तर लागणारी वस्तू थेट जनरेटरलाच लावा. पेट्रोल मशीन थंड झाल्यावरच भरा.

मेणबत्तीबद्दल एवढंच: टॉर्च असताना ती लावू नका.

लाइट आली रे आली, की सगळं चालू करणं

लाइट गेल्यावर घरातली सगळी मोठी उपकरणं प्लगमधून काढायची आणि एक दिवा तेवढा चालू ठेवायचा. लाइट येईल तेव्हा त्या दिव्याकडे बघत दोन-पाच मिनिटं थांबा. तो मिणमिणतोय का? डोळे दिपतील इतका प्रखर झालाय का? एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत भडक असं दिसतंय का? तर वादळात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटलेला असू शकतो. २३० व्होल्टच्या जागी ४०० पर्यंत व्होल्टेज घरात शिरू शकतं आणि फ्रिज, टीव्ही, राउटर एका दमात जळतात. मेन स्विच ताबडतोब खाली करा आणि तक्रार करताना ‘न्यूट्रल गेलाय’ हे शब्द वापरा. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

दिवा नीट असेल तर आधी इन्व्हर्टर चार्जिंगला लागू द्या. लिफ्ट पहिल्या अर्ध्या तासात नको, लाइट परत जाण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त. फ्रिज दहा मिनिटांनी लावा, लगेच परत गेली-आली तर कॉम्प्रेसरला पाच मिनिटं विसावा द्या.

मग फ्रीझर उघडा आणि ती वाटी काढा. नाणं बर्फावरच असेल तर आतलं बहुतेक शाबूत आहे. मधे कुठे रुतलं असेल तर बर्फ बराच वितळून पुन्हा गोठलाय, जोखीम घेऊ नका. आणि ते तळाशी जाऊन बसलं असेल तर फ्रीझरमधलं सगळं बाहेर, आत्ता दगडासारखं गोठलेलं दिसत असलं तरी.