या चुका टाळा: टीव्ही मुलाखतीत तिखट प्रश्नापेक्षा मऊ सोफा जास्त घात करतो

कलाकार आणि खेळाडू मुलाखतीची तयारी करतात ती चिडक्या अँकरला डोळ्यांसमोर ठेवून. घसरतात मात्र हसऱ्या सूत्रसंचालकासमोर. ६ जानेवारी २०१९ला प्रसारित झालेल्या 'कॉफी विथ करण' या चॅट शोच्या भागात हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना कुणीही कोंडीत पकडलं नव्हतं. गप्पा रंगत गेल्या तसा हार्दिक बायकांबद्दल अधिकाधिक सैल बोलत गेला. ११ जानेवारीला बीसीसीआयचं कामकाज पाहणाऱ्या प्रशासक समितीने दोघांना निलंबित केलं. १२ तारखेला सिडनीत पहिला एकदिवसीय सामना होता, पण दोघांनाही ऑस्ट्रेलियातून परत बोलावण्यात आलं. जिलेटने हार्दिकशी असलेलं नातं थांबवलं, मुंबईच्या खार जिमखान्याने त्याचं मानद सदस्यत्व काढून घेतलं. निलंबन २४ जानेवारीला उठलं, तरी एप्रिलमध्ये लोकपाल डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड ठोठावलाच. राहुल त्या भागात हार्दिकच्या मानाने कमी बोलला होता. शिक्षा मात्र दोघांना सारखीच झाली.

हे घडतं कसं? चॅट शोचं रेकॉर्डिंग प्रसारित भागापेक्षा बरंच लांब चालतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं पाहुणा सावध असतो. मग कॅमेऱ्याचा विसर पडतो, समोरचा दाद देतो आणि माणूस त्या दादेसाठी बोलायला लागतो. संकलनात नेमका हाच तुकडा उचलला जातो आणि प्रोमोत तो सगळ्यात आधी दिसतो. कट्ट्यावर मित्रांमध्ये खपलेलं वाक्य प्रोमोत वीस सेकंदांचं होऊन येतं, तेव्हा त्याच्या पुढचं-मागचं सगळं गळून पडलेलं असतं.

उपाय साधे आहेत, पण ते मॅनेजरने रेकॉर्डिंगआधी करायचे असतात. 'हे विषय बोलणार नाही' अशी तीन-चार विषयांची यादी ईमेलने पाठवा. तोंडी आश्वासनाला सेटवर कुणी विचारत नाही. आपला एक माणूस पाहुण्याला दिसेल अशा जागी उभा करा आणि एक खूण ठरवा. पाण्याचा ग्लास उचलला, की विषय बदलायचा. रेकॉर्डिंग संपल्यावर घरी जायच्या आधीच, गाडीत बसल्या बसल्या, कुठलं वाक्य खटकलं ते लिहून काढा आणि निर्मात्याशी त्याच रात्री बोला. ते वाक्य काढायचं की नाही हे वाहिनी ठरवते, पण प्रोमो कापून झाल्यावर विनंतीला काहीच अर्थ उरत नाही. दोघे पाहुणे असतील तर आणखी एक पथ्य पाळा: शेजारचा वाहवत असेल तर हसून साथ देऊ नका. कॅमेरा तुमच्या हसण्याचाही शॉट घेत असतो.

खुलासा करता करता खड्डा

दुसरी चूक बरोबर उलट्या टोकाची. बीबीसीच्या 'न्यूजनाइट'साठी एमिली मेटलिस यांनी राणी एलिझाबेथ यांचे पुत्र, तेव्हाचे प्रिन्स अँड्र्यू यांची मुलाखत १४ नोव्हेंबर २०१९ला बकिंगहॅम राजवाड्यात घेतली. ती १६ तारखेला दाखवली गेली आणि २० तारखेला त्यांनी सार्वजनिक कामातून माघार घेतल्याचं जाहीर केलं. राजवाडा त्यांचा, वेळ भरपूर, अँकर शांत. त्यांना बुडवलं ते न मागितलेल्या तपशिलाने. ज्या संध्याकाळी लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता, त्या संध्याकाळी आपण स्वतःच्या मुलीला व्होकिंगच्या पिझ्झा एक्सप्रेसमध्ये नेलं होतं आणि त्या काळात आपल्याला घामच येत नसे, असं त्यांनी सांगितलं. असा प्रत्येक तपशील म्हणजे पत्रकारांना तपासायला दिलेला नवा धागा, आणि विनोदवीरांना फुकटचा माल. त्यांचा मित्र राहिलेला लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीन याच्या पीडितांविषयी सहानुभूतीचे शब्द मात्र त्या मुलाखतीत आले नाहीत. ते आले २० तारखेच्या निवेदनात. तोवर हात दाखवून अवलक्षण झालेलंच होतं.

यातून घ्यायचं ते इतकंच: नाजूक विषयावर उत्तर वीस ते तीस सेकंदांचं ठेवा आणि त्यात आधी ज्याला त्रास झाला त्याचा उल्लेख, मग आपली बाजू. उत्तर संपलं की थांबा. अनुभवी अँकर मुद्दाम चार-पाच सेकंद गप्प राहतो, कारण ती शांतता भरून काढायची घाई पाहुण्यालाच होते. याचा सराव घरी होतो. फोन स्टँडवर लावा, मित्राला दहा खवचट प्रश्न विचारायला सांगा आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याने मनात पाच आकडे मोजेपर्यंत तोंड बंद ठेवा. दोन-तीन बैठकांत सवय लागते. प्रश्नातला वाईट शब्द उत्तरात उचलू नका, हेही तिथेच घोटून घ्या. 'तुम्ही उद्धट आहात का?' याला 'मी उद्धट नाही' म्हटलं, की पडद्याखालच्या धावत्या पट्टीवर 'उद्धट' आणि तुमचं नाव शेजारी शेजारी धावतं. प्रकरण कोर्टात असेल तर वकिलाने मान्य केलेलं एकच वाक्य, कितीही वेळा विचारलं तरी तेच.

आपल्या प्रांताबाहेरचा उपदेश ही तिसरी. चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या दिवसांत, २४ जून २००५ला, हॉलिवूडच्या टॉम क्रूझने अमेरिकेतल्या 'टुडे' कार्यक्रमात अँकर मॅट लाउअरला मनोविकाराच्या औषधांवर धडे दिले. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी औषध घेतलेली अभिनेत्री ब्रुक शील्ड्स हा त्यातला विषय होता. ऑगस्ट २००६मध्ये पॅरामाउंट या चित्रपट कंपनीशी त्याचा जुना संबंध तुटला तेव्हा मालक कंपनीच्या समनर रेडस्टोन यांनी कारण म्हणून त्याच्या वागण्याकडेच बोट दाखवलं. 'याबद्दल डॉक्टरच सांगू शकतील' एवढं म्हणायला तीन सेकंद लागतात.

आणि कॉलर माइक. मुलाखत संपली तरी तो काढून साउंडवाल्याच्या हातात देईपर्यंत चालू आहे असंच धरायचं. 'ऑफ द रेकॉर्ड' हा शब्द बोलून झाल्यावर उच्चारून उपयोग नसतो.

घसरलात, तर

आधी पूर्ण क्लिप बघा, स्वतः, आवाजासकट. मित्रांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माफीनामा लिहू नका. पहिले फोन ज्या ब्रँडशी करार आहे त्यांना आणि सध्या काम चालू असलेल्या निर्मात्याला. त्यांना बातमी टीव्हीवरून कळली तर करारातलं वर्तनाचं कलम लगेच बाहेर येतं. मग माफी. हार्दिकने ९ जानेवारीला ट्विटरवर माफी मागितली, पण त्यात शोच्या स्वरूपामुळे आपण वाहवलो असंही म्हटलं. प्रशासक समितीचे विनोद राय यांना त्याचं स्पष्टीकरण पटलं नाही. माफीत कारण घातलं की ती सबब होते, आणि 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' यातला 'तर' सगळ्यात महागात पडतो. १९९५च्या जुलैमध्ये ब्रिटिश अभिनेता ह्यू ग्रँट, स्वतःच्या अटकेनंतर दोन आठवड्यांच्या आत, अमेरिकी सूत्रसंचालक जे लेनोच्या कार्यक्रमात गेला आणि आपण वाईट वागलो एवढं सरळ कबूल केलं. कामं मिळत राहिली.

स्वतःवर हसणं हा उपाय मात्र जपून वापरा. २०१४मध्ये 'कॉफी विथ करण'मध्ये राष्ट्रपती कोण या प्रश्नावर आलिया भट्टने महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांचं नाव घेतलं आणि देशभर तिच्यावर विनोद झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटासोबत स्वतःचीच टर उडवणारा 'जीनियस ऑफ द इयर' हा व्हिडिओ केला, आणि हसणारे तिच्या बाजूला आले. तिच्या चुकीने कुणाचा अपमान झाला नव्हता, म्हणून ते जमलं. हार्दिकला असला व्हिडिओ करता आला नसता.