कायटोसानचे नॅनोकण: निळसर दुधाळ झाक येईपर्यंत

औषध वाहून नेणारे नॅनोकण करायला शिकायचे असेल तर कायटोसानपासून, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणाऱ्या पॉलिमरपासून, सुरुवात करावी. कायटोसानवरचा धन भार आणि सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेटवरचा, म्हणजे टीपीपीवरचा, ऋण भार एकमेकांना धरतात आणि कण आपोआप बनतात. कायटोसानवरचा भार सामूवर (pH) ठरतो, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर.

१०० मिली डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात ०.२ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि १०० मिलिग्रॅम कमी रेणुभाराचे कायटोसान घालून रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर ठेवा. नाशिकला जानेवारीत सकाळी हे अ‍ॅसिड बाटलीतच गोठलेले सापडते; ते १६.६ अंशांना गोठते. वरचा पातळ भाग तेवढा काढून घेऊ नका, पाण्याचा अंश त्यातच जास्त असतो. घट्ट बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळे वितळवा, हलवा, मग मोजा. नळाचे किंवा बोअरचे पाणी अजिबात नको, त्यातले कॅल्शियम टीपीपीला आधीच अडकवते.

सकाळी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून सामू ४.८ वर आणा. अ‍ॅसिड जास्त घेतले तर अल्कलीही जास्त लागते, त्यातून मीठ वाढते आणि भार झाकला जातो. म्हणून १ टक्क्याऐवजी ०.२ टक्केच बरे. द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा.

टीपीपी त्याच दिवशी करा, १ मिलीत १ मिलिग्रॅम. १० मिली कायटोसान ७०० आरपीएमवर फिरत असताना २.५ मिली टीपीपी मिनिटाला अर्धा मिली या वेगाने सोडा. काळा कागद मागे धरून बघत राहा. आधी काहीच दिसत नाही, मग कडेला निळसर दुधाळ झाक उमटते: हेच कण. स्वच्छच राहिले तर टीपीपी कमी पडले. पांढरे तंतू किंवा गाळ दिसला तर टीपीपी जास्त झाले, वेगाने पडले किंवा सामू चढला. तो गाळ ढवळून परत कण होत नाहीत, टाकून द्या. झाक आली की ३० मिनिटे तसेच फिरू द्या.

सेंट्रिफ्यूज करताना नळीच्या तळाशी ग्लिसरॉलचा एक थेंब ठेवा, नाहीतर कण घट्ट बसतात आणि सुटे होत नाहीत.

पेशींवर घालण्याआधी कल्चर मीडियममध्ये ३७ अंशांना कणांचा आकार पुन्हा मोजाच. कायटोसानचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचा निम्मा भार उरतो तो, साधारण ६.५ आहे, मीडियमचा सामू ७.४, भार निघून गेला की कण गोळा होतात. शिवाय कल्चर प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) कणांविना तेवढेच अ‍ॅसिटेट द्रावण घाला. ते नसेल तर पेशी कणांनी मेल्या की आम्लाने, हे सांगता येणार नाही.